वाळूच्या तळाचा फिश टँक : खानदेशात नव्याने मासे पाळणाऱ्यांसाठी

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठेही पहिला टँक घ्यायला गेलात की दुकानदार टाकीबरोबर रंगीत खड्यांची पिशवी देतो. खडे वाईट नाहीत. पण त्यांच्या फटींत उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा उतरते, वरून दिसत नाही आणि तिथेच कुजते. वाळूत घाण वरच राहते, दिसते आणि नळीने ओढून काढता येते. तळाशी राहणाऱ्या माशांना तर वाळूच हवी. गोल्डफिश ती तोंडात घेऊन त्यातलं खाद्य वेचतो आणि उरलेली बाहेर टाकतो. कुहली लोच तिच्यात अर्धा गाडून बसतो. हे एकदा बघितलं की निळ्या-गुलाबी खड्यांकडे परत जावंसं वाटत नाही.

मात्र वाळूचं तंत्र आपल्याकडे थोडं बदलून घ्यावं लागतं. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ थंड प्रदेशातल्या घरांत केलेले असतात आणि तिथे तीन-चार इंचांचा थर सर्रास दाखवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यात दुपारी लाइट जाते. अशा ठिकाणी थर जाड असेल तर तोच माशांच्या जिवावर उठतो. वाळू कुठली, रंग कोणता, या सगळ्याच्या आधी हे पक्कं करा: थर पातळ ठेवायचा. साधारण ३ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा इंच.

याचं कारण समजून घेतलंत तर पुढच्या पायऱ्या लक्षात ठेवाव्या लागणार नाहीत. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना ७ च्या आत. त्याच वेळी गरम पाण्यात मासेही जास्त ऑक्सिजन मागतात आणि वाळूतले जिवाणूही. बारीक वाळूत पाणी खोलवर फिरत नाही. थर दोन इंचांच्या वर गेला की खालचा ऑक्सिजन संपतो, तिथे वेगळ्या जातीचे जिवाणू वाढतात आणि सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. थर पातळ असला की ही वेळ सहसा येत नाही.

वाळू कुठून आणायची

नदीवर जाऊन पिशवी भरून आणू नका. वाळू गौण खनिजात मोडते, विनापरवाना उपसा हा गुन्हा आहे आणि गिरणा-तापीची पात्रं आधीच खरवडून निघाली आहेत. आपल्याला लागतात जेमतेम आठ-नऊ किलो. तेवढी वाळू ओळखीच्या कुणाच्या बांधकामावर शिल्लक असते. ती घेताना ढिगाची जागा पाहा. सिमेंट कालवलेल्या जागेजवळची वाळू नको, कारण सिमेंटचा अंश पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, एकदम वर नेतो. रस्त्याकडेच्या ढिगाचा वरचा थरही नको, कुत्री-मांजरं त्यावरच घाण करतात. ढिगाच्या मधली, आतली वाळू घ्या.

दुसरा मार्ग म्हणजे फिल्टर सॅण्ड. वॉटर प्लांट आणि स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये घालतात ती धुतलेली क्वार्ट्झची वाळू. पाणी शुद्धीकरणाचं सामान विकणाऱ्यांकडे ती गोणीने मिळते. १६/३० मेश मागा, म्हणजे कण साधारण ०.६ ते १.२ मिलिमीटरचा. एक गोणी दोन-तीन मित्रांत वाटून घेता येते. पहिलाच टँक असेल तर माझी शिफारस हीच. कण सारखे असतात, पाण्यात काही विरघळत नाही आणि धुण्याचे कष्ट निम्म्याने वाचतात.

क्रश सॅण्ड घेऊ नका. ती दगड फोडून केलेली असते, कणांना धार असते आणि भुकटी धुऊन संपत नाही. समुद्राची वाळूही नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुनाच.

नदीची वाळू तपासून घ्या

ही पायरी वगळू नका. गिरणा सह्याद्रीतून, काळ्या बेसॉल्ट खडकावरून वाहत येते. त्यामुळे तिची वाळू काळपट असते आणि टँकमध्ये फार देखणी दिसते, माशांचे रंग तिच्यावर उठून दिसतात. पण बेसॉल्टच्या पोकळ्यांत पांढरी खनिजंही असतात. काही क्वार्ट्झच्या जातीची, निरुपद्रवी. काही कॅल्साइट, म्हणजे चुन्याच्याच कुळातली. शिवाय आपल्या मातीत चुनखडीचे बारके गोटे असतात, तेही वाळूत येतात. डोळ्यांनी यांतला फरक कळत नाही.

म्हणून चमचाभर कोरडी वाळू काचेच्या ग्लासात घ्या आणि वर पांढरं व्हिनेगर ओता. मिनिट-दोन मिनिटं नीट बघत राहा. वाळू ओतताना अडकलेली हवा सुरुवातीला वर येते, ती सोडा. त्यानंतरही कणांवरून बारीक बुडबुड्यांची माळ सुटत राहिली तर चुना आहे. ढिगाच्या दोन-तीन ठिकाणची वाळू अशी तपासा.

याहून खात्रीची चाचणी आठवडाभराची आहे. दोन बरण्यांत आरओचं पाणी घ्या, एकीत मूठभर धुतलेली वाळू घाला, दुसरी तशीच ठेवा. सात दिवसांनी टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरने, दोन्ही मोजा. आकडे जवळपास सारखे असतील तर वाळू चांगली. वाळूच्या बरणीतला आकडा बराच चढला असेल तर ती पाण्यात काहीतरी सोडते आहे. गप्पी, मॉली, प्लॅटी पाळणार असाल तर थोडा चुना चालून जातो, या माशांना जड पाणी मानवतं. टेट्रा किंवा एंजल ठेवायचा विचार असेल तर दुसरी वाळू शोधा.

आता तिसरी तपासणी, जी आपल्या भागात आवर्जून करावी. कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवा. बेसॉल्टच्या वाळूत मॅग्नेटाइटचे काळे कण असतात, ते चुंबकाला केसांसारखे चिकटतात. माशांना त्यांचा त्रास नाही. त्रास आहे तो मोटरला आणि काचेला. पॉवर फिल्टरच्या पंख्यात चुंबक असतो, हे कण तिथे जाऊन बसतात आणि मोटर घरघरायला लागते. काच पुसायचा चुंबकी ब्रश वापरलात तर हेच कण मध्ये अडकून काचेवर कायमचे ओरखडे पाडतात. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूतून पुन्हा पुन्हा फिरवा. पिशवीतून चुंबक बाहेर काढला की कण सुटून पडतात. सगळे निघणार नाहीत, पण बरेचसे निघतात. आणि काळ्या वाळूच्या टँकमध्ये चुंबकी ब्रश ठेवूच नका, काच पुसायला साधा स्पंज पुरतो.

किती लागेल

टाकीची लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा. आले ते लिटर. कोरडी वाळू लिटरला साधारण १.६ किलो भरते. दोन फूट बाय एक फूट टाकी म्हणजे ६० बाय ३० सेंटिमीटर. ३ सेंटिमीटरच्या थराला ५.४ लिटर, म्हणजे साडेआठ-नऊ किलो. चाळताना आणि धुताना घट होते म्हणून दोन किलो जास्त आणा.

टाकी कुठे ठेवायची तेही आताच ठरवा. वाळू, पाणी, काच मिळून दोन फुटी टाकी उंचीप्रमाणे सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जाते आणि एकदा भरली की हलवता येत नाही. स्टँड पातळीत हवा, टाकीखाली थर्मोकोलची शीट हवी. पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, संध्याकाळपर्यंत ती भिंत भट्टीसारखी तापलेली असते. कूलरच्या वाऱ्याच्या मार्गात जागा मिळाली तर उत्तम, उन्हाळ्यात पाणी एक-दोन अंश तरी खाली राहतं.

चाळणं आणि धुणं

नदीची वाळू आधी रव्याच्या चाळणीतून चाळा, खडे वर राहतील. खाली पडलेली मैद्याच्या चाळणीत घ्या, धूळ आणि गाळ निघून जाईल. मैद्याच्या चाळणीवर जी राहिली ती तुमची वाळू. या चाळण्या मग स्वयंपाकघरात परत नेऊ नका, स्वस्तातल्या वेगळ्या आणा.

धुताना बादली एक तृतीयांशच भरा. पाणी सोडा, हात तळापर्यंत घालून वाळू ढवळा, तीन-चार सेकंद थांबा आणि गढूळ पाणी ओतून टाका. जड वाळू खाली बसलेली असते, वाहून जात नाही. पाणी इतकं स्वच्छ दिसेपर्यंत करत राहा की ढवळल्यानंतरही बादलीचा तळ दिसेल. नदीच्या वाळूला पंधरा-वीस पाणी सहज लागतात. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळ चार-सहा दिवसांआड येतो, तेव्हा एवढं पाणी मोरीत सोडायला जीव होत नाही आणि सोडूही नये. शेत असेल तर विहिरीच्या मोटरवर धुवा, पाणी दांडाने पिकालाच जाईल. घरी असाल तर अंगणातल्या झाडांजवळ बसा. साबण, डिटर्जंट, फिनाइल यांतलं काहीही वापरायचं नाही, त्यांचा अंशसुद्धा माशांना घातक आहे.

धुतलेली वाळू गच्चीवर किंवा धाब्यावर जुन्या चादरीवर पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. उकळायची गरज नाही. आपलं ऊन पुरेसं आहे.

टाकीत घालताना

मोठे दगड ठेवायचे असतील तर ते वाळूच्या आधी, थेट टाकीच्या तळावर, खाली फोमचा पातळ तुकडा घालून. वाळूवर ठेवलेला दगड मासे खालून उकरतात, तो कलंडतो आणि काच फुटते. फ्लॉवरहॉर्नसारखा उकरणारा मासा पाळणार असाल तर हे विशेष सांभाळा.

मग वाळू पसरा. पुढच्या काचेजवळ दोन सेंटिमीटर, मागे चार. असा उतार दिला की घाण पुढे घरंगळते आणि काढायला सोपी जाते. झाडं लावायची असतील तर फक्त त्या कोपऱ्यात थर पाच सेंटिमीटरपर्यंत न्या. मुळं वाळूत ऑक्सिजन सोडतात म्हणून तिथे जाडी चालते.

काही जण वाळूखाली शेतातली माती घालायला सांगतात. आपली काळी कापसाची माती त्यासाठी वापरू नका. ती पाण्याने फुगते, चिकट होते, तिच्यात चुना असतो, आणि एखादं झाड उपटलं की सगळी टाकी चहाच्या रंगाची होते. वाळूत झाडांना पोषण लागतंच, पण त्यासाठी मुळांजवळ खोचायच्या खताच्या गोळ्या, म्हणजे रूट टॅब, मिळतात. वॅलिसनेरिया आणि क्रिप्टोकोरीन त्यांवर उत्तम वाढतात. जावा फर्न आणि अनुबियास वाळूत पुरायचेच नाहीत, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचे.

पाणी भरताना वाळूवर पालथी ताटली ठेवा आणि पाण्याची धार तिच्यावर सोडा, अगदी बारीक. इथे घाई केली तर केलेली सगळी मांडणी विस्कटते. नळाच्या पाण्यात ब्लीचिंगचा क्लोरीन असतो. पाणी उघड्या ड्रममध्ये एअर पंप लावून दिवसभर ठेवा, किंवा दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतं ते बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. बोअरचं पाणी असेल तर टीडीएस मोजा. खानदेशात ते बहुतेक ठिकाणी जड असतं. त्याच्याशी झगडण्यापेक्षा त्याला मानवणारे मासे निवडणं शहाणपणाचं.

पहिले एक-दोन दिवस पाणी धुरकट दिसेल. वाळू नीट धुतलेली असेल तर आपोआप निवळतं.

फिल्टरची जागा

तळाखाली बसवायचा जाळीचा फिल्टर, ज्याला अंडरग्रॅव्हल म्हणतात, तो वाळूबरोबर चालत नाही. वाळू जाळीतून खाली उतरते आणि रस्ते बंद करते. दुकानदाराने टाकीबरोबर दिला असेल तर परत करा. नवख्यांसाठी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सगळ्यांत बरा. त्यात वाळू जाऊन बिघडेल असं काहीच नाही, आणि लाइट गेल्यावर तोच पंप बॅटरीवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. पॉवर फिल्टर लावणार असाल तर त्याचं पाणी ओढणारं तोंड वाळूपासून किमान दोन इंच वर ठेवा, त्यावर स्पंज चढवा, आणि वाळूत हात घालायच्या आधी तो बंद करा.

मासे लगेच नाही

टाकी भरली, दिसायलाही छान दिसते, मुलं आजूबाजूला नाचताहेत. तरी थांबा. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विषारी, तिसरं बऱ्यापैकी सुसह्य. हे जिवाणू स्पंजमध्ये आणि वाळूच्या कणांवर वस्ती करायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकत राहा म्हणजे त्यांना अन्न मिळेल. ओळखीच्या कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्याच्या स्पंजचा पिळलेला गाळ आणून आपल्या फिल्टरवर ओता, वेळ बराच वाचतो. मग दोन-चार मासे, पुढच्या पंधरवड्यात आणखी थोडे.

सुरुवात ऑक्टोबरमध्ये किंवा फेब्रुवारीत करा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगल्याच गारठतात, हीटर नसेल तर जिवाणूंची वाढ मंदावते. एप्रिल-मे मध्ये तर नवा टँक लावूच नका.

वाळूसाठी मासे निवडताना तापमानाचा विचार आधी. कोरीडोरास वाळूवर नाक खुपसत फिरतात ते बघण्यासारखं असतं, धारदार खड्यांवर आणि घाणेरड्या तळावर त्यांच्या मिशा झिजतात म्हणून वाळू त्यांना फार हिताची. पण त्यांतल्या बऱ्याच जातींना २२ ते २६ अंशांचं पाणी लागतं. घरात एसी नसेल तर मे महिन्यात त्यांचे हाल होतात, तेव्हा त्यांचा मोह आवरा. गोल्डफिशचंही तेच, त्याला तर मुळात गार पाणी हवं. कुहली लोच उन्हाळा बरा काढतो. एकटा ठेवू नका, पाच-सहा असले की बिनधास्त बाहेर येतात.

लांब, शंकूसारख्या शंखाच्या छोट्या गोगलगायी, ज्यांना ट्रम्पेट स्नेल म्हणतात, जरूर ठेवा. दिवसा वाळूत शिरतात, रात्री बाहेर येतात आणि येता-जाता वाळू उकलतात. खाद्य जास्त पडलं की त्यांची संख्या वाढते. काचेवर गर्दी दिसली की खाद्य कमी करा.

दर आठवड्याला

सायफनची नळी वाळूत खुपसायची नाही. तिचं तोंड वाळूच्या बोटभर वर धरून गोल फिरवा. हलकी घाण भोवऱ्यात उठते आणि नळीत जाते, वाळू जड म्हणून जागेवर राहते. वाळू नळीत चढायला लागली की नळी चिमटा, परत खाली पडेल. एका वेळी पाव टाकी पाणी बदला.

त्यानंतर बांबूच्या काडीने वाळू टोचा, दर वेळी फक्त अर्ध्या भागात. सगळा तळ एकदम हलवला तर खाली साठलेलं सगळं एकदम पाण्यात येतं. पांढऱ्या वाळूत कुजलेला भाग काचेतून काळ्या डागासारखा दिसतो. गिरणेच्या काळ्या वाळूत तो दिसणारच नाही, म्हणून तिथे नाकावर भरवसा ठेवा. टोचल्यावर एखादा बुडबुडा आला तर घाबरायचं नाही. सडक्या अंड्याचा वास आला तर पाणी बदला, हवा वाढवा, आणि त्या जागची वाळू पुढचे काही आठवडे थोडी थोडी मोकळी करत राहा.

नव्या टाकीत वाळूवर तपकिरी साय धरते. हे डायाटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. ते माशांना काही करत नाहीत आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. काचेला लागून वाळूच्या आत हिरवी रेघ दिसली तर तिथे उजेड पडतो आहे. बाहेरून काळ्या टेपची पट्टी लावा.

मार्च संपला की

खाद्य निम्म्यावर आणा. एअर पंप चोवीस तास. झाकण काढून जाळी ठेवा आणि पाण्यावर छोट्या पंख्याचा वारा सोडा, बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. पाणी रोज घटेल. वाफ होऊन पाणी जातं पण क्षार मागे राहतात, म्हणून घट भरून काढताना बोअरचं जड पाणी घालू नका, थोडं आरओचं वापरा. काडीने टोचणं या काळात सकाळी लवकर, पाणी गार असताना, आणि अगदी थोड्या भागात. बर्फ टाकून पाणी एकदम गार करू नका, तापमानातला झटका माशांना उकाड्यापेक्षा जास्त बाधतो.

लाइट तासाभराहून जास्त गेली आणि बॅटरीचा पंप नसेल तर तांब्याने टाकीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत सोडा, दर दहा मिनिटांनी वीस-पंचवीस वेळा. धार ताटलीवर किंवा दगडावर पडू द्या, वाळूवर नाही. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर दहा मिनिटंही थांबू नका.

घर बदलायची वेळ आली तर मासे आधी काढा, मग पाणी, आणि वाळू सगळ्यांत शेवटी. मासे आत असताना जुनी वाळू उपसायची नाही. काढलेली वाळू टाकीतल्याच पाण्यात खळबळून घ्या, नळाचा क्लोरीन तिच्यातले जिवाणू मारतो. दिवसाभरात नव्या जागी मांडता येणार असेल तर ओलीच ठेवा. जास्त दिवस लागणार असतील तर स्वच्छ धुऊन उन्हात पूर्ण वाळवा आणि गोणीत भरून ठेवा, पुढच्या टँकला तीच चालते.